वाचकांचे प्रश्न : ब्रेंडेल, पेटी आणि नागपूरचा कूलर

मागच्या अंकात पान भरायला म्हणून मी आल्फ्रेड ब्रेंडेलवर जेमतेम दीड परिच्छेद लिहिला होता, की हा माणूस साठ वर्षं स्टेजवर पियानो वाजवत होता, सोबत निबंध आणि कविता लिहीत होता, सोळाव्या वर्षानंतर त्याला गुरू नव्हता, आणि १७ जून २०२५ ला लंडनमध्ये ९४ व्या वर्षी गेला. बस एवढंच. मला वाटलं नागपुरात कोणाला काय पडलंय ब्रेंडेलचं, पण पत्रं आली, मेसेज आले, एक काका तर बर्डीवर भाजी घेताना भेटले आणि तिथेच पिशवी खाली ठेवून विचारायला लागले. म्हणून यावेळेस बाकीचे प्रश्न बाजूला, सगळा अंक यालाच.

आधी एक तक्रार निपटवून टाकते. एका वाचकांनी लिहिलंय की एवढ्या मोठ्या कलाकाराला तुम्ही "तो वाजवायचा" काय म्हणता, "ते वाजवायचे" म्हणा. दादा, आपण लता गायची म्हणतो, सचिन खेळायचा म्हणतो, ते काय कमी आदराने म्हणतो का? जो माणूस चाळीस वर्षं घरात कॅसेटमधून वाजतोय त्याला मला अहोजाहो करता येत नाही, राहू द्या.

ताई, त्याच्या घरात संगीत होतं का? लहानपणापासून चमकणारा मुलगा होता का? आमच्याकडे गाणाऱ्या प्रत्येकाची गोष्ट "वयाच्या पाचव्या वर्षी" अशीच सुरू होते. (निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

नाही ना बाई, हीच तर गंमत आहे. घरात कोणीच संगीतातलं नव्हतं. जन्म ५ जानेवारी १९३१ चा, विसेनबर्ग नावाच्या गावात, मोरावियात, म्हणजे आजच्या चेक देशात. मग घर हललं युगोस्लाव्हियात. तिथे क्रक नावाच्या बेटावर आईवडील हॉटेल चालवायचे आणि या पोराचं काम काय तर हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी चावीच्या ग्रामोफोनवर रेकॉर्डी लावायच्या. नंतर झाग्रेबला वडील सिनेमा थिएटर सांभाळायला लागले आणि तिथे सहाव्या वर्षी पियानोची शिकवणी लागली, सोफिया देझेलिच नावाच्या बाईंकडे. तर सहावं वर्ष आहे, पण चमत्कार वगैरे काही नाही, मध्यमवर्गीय घरात मुलाला क्लास लावतात तसा क्लास.

मग युद्ध. घर ऑस्ट्रियात ग्राट्सला आलं, आणि युद्धाच्या शेवटी शेवटी हा चौदा वर्षांचा मुलगा खंदक खोदायला पाठवला गेला, तिथे थंडीने हातपाय गोठले आणि दवाखान्यात पडला. पियानो वाजवणाऱ्या मुलाचे हात हो! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

पहिला जाहीर कार्यक्रम १९४८ मध्ये ग्राट्सला, सतराव्या वर्षी, आणि कार्यक्रमाचा विषय काय तर फ्यूग. फ्यूग म्हणजे एकच चाल एका आवाजाने सुरू करायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि सगळे एकमेकांच्या पायात पाय न घालता एकाच वेळी चालतात. डोक्याला ताप देणारा प्रकार. त्यात बाख, ब्राम्स, लिस्ट या संगीतकारांच्या रचना आणि वरून स्वतःच रचलेला एक सोनाटा (म्हणजे बहुतेक वेळा दोन चार भागांची लांब रचना)! आणि त्याच सुमारास गावातल्या एका गॅलरीत त्याच्या चित्रांचं प्रदर्शन पण लागलेलं होतं. म्हणजे चित्रकार होणार, संगीतकार होणार, लेखक होणार की पियानिस्ट, हे त्यालाच ठरवता येत नव्हतं बहुतेक. पुढच्या वर्षी इटलीत बोल्झानोला पियानोची बुसोनी स्पर्धा झाली त्यात बक्षीस मिळालं, चौथं. पहिलं नाही, दुसरं नाही, चौथं. आपल्याकडे चौथा नंबर आला तर आई फोटो पण टाकत नाही स्टेटसला.

आणि नाव व्हायला पण भरपूर वेळ लागला. १९५० ला व्हिएन्नाला गेला, लहान कंपन्यांसाठी स्वस्तातल्या रेकॉर्डी करत राहिला, पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षं बीथोव्हनने पियानोसाठी लिहिलेलं जवळजवळ सगळं रेकॉर्ड केलं, तरी तो काही स्टार नव्हता. मग लंडनमध्ये एका संध्याकाळी बीथोव्हनचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी तीन मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचे फोन त्याच्या एजंटकडे. तोच सांगायचा हे, आणि आश्चर्य वाटून सांगायचा, कारण त्याच्या मते तो कार्यक्रम काही फार खास झालाच नव्हता. १९७१ पासून लंडनलाच राहिला, शेवटपर्यंत.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, पियानोची ग्रेड सहा परीक्षा झाली, आणि तिच्या मॅडम पुण्याला शिफ्ट झाल्या. नागपुरात वरच्या ग्रेडचं शिकवणारं कोणी मिळत नाहीये. ऑनलाइनमध्ये तिला मजा येत नाही. तुम्ही लिहिलं होतं की ब्रेंडेलला सोळाव्या वर्षानंतर गुरू नव्हता. मग आम्ही पण तसंच सोडून द्यायचं का? (एक आई, त्रिमूर्तीनगर)

हे मी एका ओळीत लिहायला नको होतं, चूक माझी. नीट सांगते.

ग्राट्सला त्याच्या बाई होत्या लुडोविका फॉन कान म्हणून. त्या बाईंनीच त्याला सोळाव्या वर्षी सांगितलं की आता तू एकट्याने पुढे जा, एक जाहीर कार्यक्रम कर, आणि एडविन फिशर या पियानिस्टला जाऊन ऐक. काय बाई असेल बघा, म्हणजे विद्यार्थी हातातून सोडायची हिंमत किती मास्तरांमध्ये असते, मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, माझ्यात तरी नाही. तर त्यानंतर दर आठवड्याला समोर बसणारा गुरू त्याला नव्हता हे खरं. पण रचना शिकायला त्याने वेगळी शिकवणी लावली होती, फिशरच्या शिबिरांना तो ल्युसर्नला जायचा, पाउल बाउमगार्टनर आणि एडुआर्ड श्टॉयरमान या पियानिस्टांकडे पण जाऊन आला. आणि कार्यक्रम ऐकायचा, रेकॉर्डी ऐकायचा, गाणाऱ्यांच्या आणि ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांच्या सुद्धा.

मुख्य म्हणजे टेपरेकॉर्डर. स्वतःचं वाजवणं टेप करायचं आणि मग ऐकायचं, हे त्याचं गुरूच्या जागी होतं. आता तुम्ही म्हणाल त्यात काय, आमची मुलगी रोज मोबाईलवर व्हिडिओ काढते. हो, पण काढते आणि टाकते! ऐकते का? मी माझ्या विद्यार्थ्यांना हे करायला लावलंय, रेकॉर्ड करा, मग मोबाईल बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी हातात नोटेशन आणि पेन्सिल घेऊन ऐका, आणि जिथे जिथे तुम्हाला वाटलं होतं की मी इथे हळू वाजवलं पण ऐकताना हळू झालंच नाही तिथे खूण करा. पहिल्या दिवशी सगळे रडकुंडीला येतात, कारण वाजवताना जे मनात ऐकू येत असतं ते आणि जे खरंच बाहेर आलं ते, यात सीताबर्डी ते कामठी एवढं अंतर असतं. एका मुलाने तर मला ठामपणे सांगितलं मॅडम हा मोबाईलचा माइक खराब आहे.

तर ताई, मुलीला सोडून देऊ नका. महिन्यातून एकदा पुण्याच्या त्या बाईंकडे नेता आलं तर न्या, गाडीची एक रात्र आहे फक्त, आणि मधले तीन आठवडे टेपचा गुरू. आणि तिला गाणं ऐकायला लावा, आपलंच ऐकू द्या, कोणतंही. पियानोवाल्यांनी गाणारे ऐकावेत हे ब्रेंडेलचं पण म्हणणं होतं. ग्रेड सात आठचं काय करायचं ते नंतर बघू, परीक्षा कुठे पळून नाही चालली.

मी ३५ वर्षं भजनात आणि नाटकाच्या पदांना पेटी वाजवतोय. मला सांगा, पियानो म्हणजे मोठी पेटीच ना? काळ्या पांढऱ्या पट्ट्या त्याच. मग एवढं कौतुक कशाचं? (एक पेटीवादक, महाल)

काका नमस्कार. भांडायचा मूड दिसतोय, मला आवडलं.

पट्ट्या त्याच, पण आतला जीव पूर्ण वेगळा. तुमच्या पेटीत हवा आहे, डावा हात भाता चालवतोय तोवर सूर जिवंत, तुम्ही मनात आणलं तर एकच सा मिनिटभर धरून ठेवाल आणि मधेच भाता दाबून फुगवाल पण. पियानोत पट्टी दाबली की आत लोकरीच्या नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. झालं, तुमचं काम संपलं, आता तो सूर मरायला लागला. पहिल्या क्षणापासून मरायलाच लागतो. तुम्ही वरून पट्टी कितीही जोरात दाबून ठेवा, हलवा, डोळे मिटून मान डोलवा, तो वाढणार नाही. आणि असल्या मरणाऱ्या सुरांमधून गाणं गायलंय असं ऐकणाऱ्याला वाटायला लावायचं! हा एक मोठा भासच आहे म्हणा ना. पुढचा सूर मागच्या सुराच्या उरलेल्या आवाजाइतकाच हलका लावायचा, खालचा साथीचा हात अजून दाबून ठेवायचा, पेडल अर्धवट सोडायचं, हे सगळं करून तो भास तयार होतो. ब्रेंडेल यात उस्ताद होता. त्याने वाजवलेला शूबर्ट ऐका, या संगीतकाराच्या इम्प्रॉम्प्टू म्हणून छोट्या रचना आहेत, त्यातली तिसरी, जी फ्लॅट मेजरची. वर एक लांब चाल, खाली पाण्यासारखं सतत हलणारं काहीतरी, आणि एकाच उजव्या हाताची करंगळी गाते नि उरलेली बोटं साथ करतात. पेटीवर करून बघा काका, मग बोलू.

बाकी एका बाबतीत दोघांचं नशीब सारखंच, मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बाहेर ठेवलं होतं हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तो काळ बघितला असेल.

दुसऱ्याने लिहिलेलंच जर सुरानुसूर वाजवायचं तर त्यात वाजवणाऱ्याचं काय? टायपिस्ट झाला ना तो. आपल्या ख्यालात निदान गाणारा स्वतःचं काही तरी करतो. (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

बेटा, प्रश्न उद्धट आहे पण बरोबर आहे, मी पण तुझ्या वयाची असताना सिस्टरना असंच विचारलं होतं. (मी सदरला एका सिस्टरकडे शिकले, त्यांच्याकडे एक जुना उभा पियानो होता आणि तीन कॅसेट, त्यातली एक ब्रेंडेलची.) त्यांनी उत्तर न देता तीच रचना दोन वेगवेगळ्या लोकांची लावली. मला एक आवडली नाही आणि एक आवडली. सिस्टर म्हणाल्या टायपिस्ट बदलल्यावर पत्र बदलतं का गं?

तू नाट्यपद घे. पद तेच, चाल तीच, तरी तुझे आजोबा सांगतील की अमक्याचं ते खरं. तिथे निदान ताना घ्यायला मोकळीक आहे. पियानोवर मोकळीक खूप बारीक जागेत आहे, एका सुरानंतर किती थांबायचं, दहा बोटांतल्या कुठल्या बोटाला वर आणायचं, हळू म्हणजे किती हळू. आणि ब्रेंडेलचं म्हणणं असं होतं की या जागा पण तुमच्या लहरीवर नाहीत, कलाकाराने रचनेला हुकूम सोडायचा नाही, रचना काय सांगते ते ऐकायचं. म्हणून तो एकच गोष्ट आयुष्यभर परत परत करत राहिला. बीथोव्हनचे ३२ सोनाटे त्याने तीनदा रेकॉर्ड केले. तीनदा! १९८२-८३ मध्ये युरोप अमेरिकेतल्या ११ शहरांत ७७ कार्यक्रम करून ते सगळे वाजवले, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पण, आणि तिथे त्याच्या आधी सगळे ३२ वाजवणारा श्नाबेल नावाचा पियानिस्ट होऊन गेला होता. बत्तीस सोनाटे म्हणजे साधारण दहा अकरा तासांचं संगीत, सगळं डोक्यात.

आता एक भांडण सांगते म्हणजे तुला कळेल टायपिस्ट का नाही. शूबर्ट ३१ व्या वर्षी गेला, १८२८ मध्ये, आणि जायच्या दोन महिने आधी त्याने तीन मोठे सोनाटे लिहून ठेवले. शेवटचा बी फ्लॅटचा. त्याच्या पहिल्या भागात सुरुवातीचा सगळा तुकडा परत वाजवा अशी खूण शूबर्टने स्वतः घातलीय, आणि परत जाताना मधे काही बार (म्हणजे ठराविक मात्रांचे छोटे तुकडे) असे आहेत जे बाकी कुठेच येत नाहीत, एकदम दणका देणारे. ब्रेंडेल ते वाजवायचा नाही, पुनरावृत्तीच करायचा नाही. म्हणे हा दणका त्या भागाच्या शांततेत बसत नाही, आणि त्या तुकड्याची लांबी पण आधीच भरपूर आहे. यावर लोक तुटून पडले, शूबर्टने लिहिलंय आणि तू कोण गाळणारा, आणि याने गप्प न बसता लेख लिहून आपली बाजू मांडली, उत्तराला उत्तर दिलं. रचनेचं ऐका म्हणणाराच रचनेतले बार गाळतोय! मला विचारशील तर मी इथे त्याच्या विरोधी पक्षात आहे, मला ते बार हवेत, पाय घसरल्यासारखं होतं ते ऐकताना आणि मग ती चाल परत येते तेव्हा ती पहिल्यासारखी निष्पाप राहत नाही. पण तो ज्या ज्या कारणांनी गाळतो ती कारणं वाचल्याशिवाय मला माझं मत कळलंच नसतं.

वाजवणाऱ्याने लिहावं का? लिहिण्यात वेळ गेला तर रियाज कधी करायचा? (नाव नाही, बहुतेक कोणाचे तरी गुरुजी)

गुरुजी, गोविंदराव टेंबे आठवा. पेटी वाजवायचे, मानापमानच्या चाली त्यांच्या, आणि वरून माझा संगीत व्यासंग सारखं पुस्तक लिहिलं. पुलंना पेटीपासून आणि लेखणीपासून कोणी वेगळं करून दाखवावं. आपल्या मराठीत तर याची परंपराच आहे, त्यामुळे खरं म्हणजे ब्रेंडेल समजायला आपल्याला सोपा जायला पाहिजे.

त्याचं लिखाण दोन प्रकारचं. एक निबंध, १९७६ ला पहिला संग्रह आला. त्यात बीथोव्हन शूबर्ट लिस्ट आहेतच. लिस्टला त्या काळी लोक सर्कसवाला समजायचे, नुसती बोटांची कसरत, आणि ब्रेंडेलने वाजवून आणि लिहून दोन्ही बाजूंनी त्याची वकिली केली. पण मला सगळ्यात आवडतो तो पियानो या वस्तूबद्दलचा निबंध. हॉलमध्ये जाऊन अनोळखी पियानोशी कसं जमवून घ्यायचं, ट्यूनरशी काय बोलायचं, म्हणजे अगदी घरमालकाशी भाडेकरू बोलतो तशा सगळ्या व्यवहाराच्या गोष्टी, आणि त्यातून हळूच कळत जातं की हा माणूस ऐकतो किती बारीक.

१९८४ मध्ये केंब्रिजला त्याने एक व्याख्यान दिलं, विषय असा की शास्त्रीय संगीत कायम गंभीरच असलं पाहिजे का. हायडन आणि बीथोव्हन विनोद कसा करतात, शब्द नसताना, ते पियानोवर वाजवून दाखवत दाखवत.

आणि दुसरा प्रकार कविता, जर्मनमध्ये, साठी ओलांडल्यावर. पण गूढ आणि निळ्या संध्याकाळच्या कविता समजू नका, चक्रम आहेत एकदम. एकीत एका पियानिस्टला तिसरी तर्जनी फुटते, वाजवायला नाही तर दाखवायला, दोन्ही हात कामात असताना कुठे कोणता सूर महत्त्वाचा आहे ते दाखवायला, आणि हॉलमध्ये सतत खोकणारा माणूस कोण ते पण. दुसरीत कोलोन शहरातले खोकणारे आणि टाळ्या वाजवणारे एकत्र येऊन चक्क संघटना काढतात, आपल्या हक्कांसाठी. त्याला खोकण्याचा मनापासून राग होता, कार्यक्रम थांबवून लोकांकडे बघायचा. मी हे वाचते तेव्हा मला डिसेंबरातला आपला कुठलाही हॉल आठवतो, विलंबित सुरू झालं की पहिल्या रांगेतून एक, मग बाल्कनीतून त्याला उत्तर, मग शेंगदाण्याची पुडी, मग कोणाच्या तरी पर्समध्ये आरतीची रिंगटोन आणि त्या काकूंना पर्सची चेनच सापडत नाहीये. तिसरी तर्जनी कमी पडेल हो नागपुरात.

रियाजाचं म्हणाल तर लिहिणं आणि वाजवणं हे त्याचे दोन वेगळे धंदे होते असं मला वाटत नाही. टेप लावून स्वतःला ऐकायचं, हे बरोबर का नाही झालं हा प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर कधी बोटांनी द्यायचं कधी शब्दांनी. ज्याला उत्तर बोटांनीच देता येतं त्याने कशाला लिहावं, खुशाल रियाज करावा.

ताई, आमच्या आत्याचा जुना पियानो आमच्या घरी आला जी, उभा हाये, बहुतेक विलायती. उन्हाळ्यात चांगला वाजत होता, जुलैत पट्ट्या अडकून राह्यल्या, दाबली का वरतेच येत नाही. आता दिवाळीले पाहा तर सूरच उतरला. कोनी म्हनते इकून टाक. काय करू सांगा बरं. (उमरेड रोड)

भाऊ, इकू नका, अजिबात इकू नका! आधी मला एक सांगा, खोलीत कूलर कुठे आहे?

तुम्ही न सांगता मला माहीत आहे, खिडकीत कूलर आणि समोरच्या भिंतीला पियानो. नागपुरातला प्रत्येक पियानो असाच मरतो. बघा, पियानोत आत सव्वादोनशेच्या वर तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण होतो पंधरा वीस टनांच्या घरात, म्हणजे तुमच्या भिंतीला टेकून एक भरलेला ट्रक आहे समजा. तो ताण लोखंडाची चौकट सांभाळते, पण आवाज येतो तो मागच्या लाकडी फळीतून, स्प्रूसच्या, आणि लाकूड म्हटलं की ओल प्यायलं की फुगणार, सुकलं की आक्रसणार. एप्रिल मेमध्ये आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा आणि हवा अशी कोरडी की ओठ फाटतात, त्यात तुम्ही दुपारभर कूलर चालवता म्हणजे एकदम दमट, रात्री कूलर बंद म्हणजे परत कोरडं, आणि जुलैत पाऊस. फळी बिचारी वर खाली वर खाली. फळी फुगली की तारा ताणतात, सूर चढतो, सुकली की उतरतो. आणि पट्ट्यांच्या खाली छोट्या पिना असतात, त्यांच्याभोवती कापडाची लायनिंग असते, ती ओल पिऊन फुगते आणि पट्टी अडकते, म्हणून जुलैत अडकल्या. ती काही मोठी बिमारी नाही, कारागीर दहा मिनिटांत सैल करतो, पण जुलैत सैल केलं तर मेमध्ये खडखड करेल हे लक्षात ठेवा, थोडं थांबून करा.

काय करायचं तर पियानो बाहेरच्या भिंतीपासून हटवा, आतल्या भिंतीला लावा, कूलरचा झोत आणि खिडकीचं ऊन दोन्ही त्याच्यावर नको. ओलावा मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते वर ठेवा, काटा चाळीस ते साठच्या मधे राहिला तर उत्तम. आणि वर फुलदाणी नको. माझ्या एका मावशीने गणपतीत वर समईच ठेवली होती, तेलाचा डाग अजून आहे.

ट्यूनर बोलवताना एक काळजी घ्या, हे मी पोळून सांगतेय. माझा पियानो पाच सहा वर्षं कोणी हात लावला नव्हता, सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने उतरलेला, बाहेरगावहून एक कारागीर आले, घाईत होते, गाडी पकडायची होती, त्यांनी एका बैठकीत सगळा सूर वर खेचला. दोन खर्जाच्या तारा तिथेच तुटल्या, असा आवाज झाला की शेजारी विचारायला आले सिलेंडर फुटला का. आणि उरलेल्या सगळ्या आठ दिवसांत परत खाली. इतका उतरलेला पियानो टप्प्याटप्प्याने चढवायचा असतो, एकदा जवळ आणायचा, काही आठवडे द्यायचे, मग नीट लावायचा. पैसे दोनदा लागतील, लागू द्या. आणि पहिली वेळ पाऊस संपल्यावर ऑक्टोबर नोव्हेंबरात, म्हणजे आत्ता, भाऊ.

ब्रेंडेल मोठमोठ्या हॉलमध्ये पण कार्यक्रमाआधी ट्यूनरसोबत एक एक सूर तपासत बसायचा. त्याच्याकडे कूलर नव्हता तरी.

त्याच्या बोटांना पट्ट्या का चिकटवलेल्या दिसतात फोटोत? जखमा व्हायच्या का? आणि वाजवणं का सोडलं? (दोन बहिणी, मानेवाडा)

नखं तुटायची म्हणून, बोटांच्या टोकाला प्लास्टर लावायचा.

सोडलं ते स्वतः ठरवून. १८ डिसेंबर २००८, व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत, ऑर्केस्ट्रा चालवायला सर चार्ल्स मॅकेरास समोर उभे, आणि रचना मोझार्टचा पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीचा नववा कॉन्चेर्टो, जो मोझार्टने एकविसाव्या वर्षी लिहिला. ७७ वर्षांच्या माणसाने निरोपाला एकवीस वर्षांच्या पोराची रचना निवडली. त्यानंतर व्याख्यानं दिली, तरुणांना शिकवलं, लिहिलं. पुढे कानांनी पण त्रास दिला, पियानोचा आवाज त्याला वाकडातिकडा ऐकू यायला लागला, आणि मला नेहमी वाटतं की आधी थांबला ते बरं झालं.

सुरुवात कुठून करू? मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. (बँकेतून निवृत्त, खामला)

हायडनचा सी मेजरचा सोनाटा, यादीत पन्नासावा, त्याचा शेवटचा भाग. अडीच मिनिटं पण नाही. चाल सुरू होते, अडखळते, चुकीच्या सुरावर जाऊन उभी राहते, गप्प होते, आणि काही झालंच नाही असं दाखवून परत सुरू. यूट्यूबवर ब्रेंडेलचं नाव टाका, मिळेल. मग शूबर्टचे इम्प्रॉम्प्टू, रात्री, पंख्याचा आवाज कमी करून. बीथोव्हनचे मोठे सोनाटे हिवाळ्यासाठी ठेवा.

बजाजनगरहून ज्यांनी पोस्टकार्ड पाठवलंय त्यांचं अर्धं अक्षर पावसात गेलंय, "ब्रेंडेल आणि" इथपर्यंतच वाचता आलं. परत लिहा, पेन्सिलने लिहिलं तरी चालेल.